भ्रमाचा आजार आणि आपली सोबत



परळी वैजनाथ परिसरातील वस्त्यांवर 'करणी', 'बाहेरचं' हे शब्द नेहमी कानी पडतात. काही वेळा त्यामागे एक आजार असतो. त्याला भ्रमविकार म्हणतात.

एखादी खोटी समजूत मनात घट्ट बसते. बायकोचे दुसरीकडे संबंध आहेत, शेजारी अन्नात विष कालवतो, अंगात किडे फिरतात. ती महिनोन् महिने टिकते, पुरावा दाखवूनही हटत नाही. बाकी माणूस ठीक असतो. कामाला जातो, हिशेब चोख ठेवतो, उपासनेलाही येतो. म्हणून घरच्यांना तो आजार वाटतच नाही, हेकेखोरपणा वाटतो.

मात्र एखादा पारधी बांधव म्हणाला, "पोलीस माझ्या मागावर आहेत," तर त्याला भ्रम म्हणण्याआधी खरेखोटे पाहावे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांच्या नजरेतला शिक्का अजून गेलेला नाही. तसेच सारी वस्ती जे मानते, ते मानणारा एकटा आजारी ठरत नाही.

"तुझं खोटं आहे" म्हटले की रुग्ण आपल्यालाही शत्रूंत मोजतो. होकार दिला तर भ्रम पक्का होतो. त्यापेक्षा म्हणावे, "तुम्हाला झोप नाही, फार त्रास होतोय. चला, डॉक्टरांकडे जाऊ." एवढे पुष्कळदा ऐकले जाते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारख्या गोळ्यांनी अनेकांचा भ्रम ओसरतो. काहींचा उरतो, पण जोर कमी होतो. गुण यायला काही आठवडे लागतात. गोळी चोरून भाजीत घालू नये. विषाची शंका असलेल्याला ते कळले, तर त्याचा संशय खराच ठरतो!

संशय बायकोवर असेल तर आधी तिचा जीव सांभाळावा. धमकी किंवा मारहाण होत असेल तर तिला व लेकरांना सुरक्षित ठिकाणी हलवावे. "सोस, प्रार्थना कर" एवढेच सांगून मंडळीने तिला परत पाठवू नये. प्रार्थना जरूर करावी, पण गोळ्या बंद करायला कोणी सांगू नये. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे.

आपल्या भागातली मोठी अडचण दिवाळीच्या सुमारास येते. कुटुंब ऊसतोडीला जाते आणि गोळ्या तुटतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून पुरेशा गोळ्या व चिठ्ठी सोबत घ्यावी. फडावर अडचण आली तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.