ब्राउझरांमधील मराठी अक्षररूपांची एकसमानता

ब्राउझरांमधील मराठी अक्षररूपांची एकसमानता म्हणजे एकच मराठी संकेतपान निरनिराळ्या ब्राउझरांत व यंत्रांवर उघडले असता त्यातील अक्षरे सारख्या वळणाची आणि शुद्ध दिसावीत, यासाठी एचटीएमएल व सीएसएसमध्ये करावयाची योजना होय. पार्श्वभूमीवरील ग्रेडियंट एखाद्या ब्राउझरात थोडा फिका उमटला तर फारसे बिघडत नाही. अक्षर बदलले तर अर्थही बदलू शकतो.

भेदाचे कारण

बीड जिल्ह्यातील माजलगाव आणि शिरूर कासार या तालुक्यांची नावे उदाहरणादाखल घेता येतील. पहिल्यात ‘ल’ आहे, दुसऱ्यात ‘श’. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ लिहिण्याची परंपरा असून महाराष्ट्र शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही हीच रूपे स्वीकारली आहेत. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी ‘ल’ला एकच संकेतांक आहे, कारण युनिकोड अक्षराची ओळख ठरवते, वळण नव्हे. वळण टंकाकडून येते. विंडोजमध्ये निर्मला यूआय, अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी, तर ॲपलच्या यंत्रांत कोहिनूर देवनागरी हा टंक असतो. पानाने स्वतःचा टंक नेमला नसेल, तर एकाच गावाचे नाव वेगवेगळ्या वळणांत दिसते.

भाषेची नोंद

काही ओपनटाइप टंकांत एकाच अक्षराची भाषावार रूपे साठवलेली असतात. त्यांतील मराठी रूप निवडले जावे यासाठी पानाच्या मूळ घटकावर ‘लँग’ या गुणधर्माने मराठीची नोंद करावी लागते. ही नोंद बहुधा विसरली जाते किंवा साचा उसना घेतल्याने तेथे इंग्रजीच राहून जाते. तसे झाले, की टंक उत्तम असूनही हिंदी वळणाची रूपे उमटू शकतात. अक्षरजुळणीची यंत्रणाही सर्वत्र एक नाही: संगणकावरील क्रोम व फायरफॉक्स हार्फबझ वापरतात, सफारी कोअर टेक्स्ट वापरते. म्हणून सीएसएसमधील ‘फाँट-फेस’ नियमाने टंक पानासोबत पाठवणे आणि प्रत्येक ब्राउझरात प्रत्यक्ष पाहणे, हाच खात्रीचा मार्ग होय. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणू हे टंक मराठीसाठीच तयार झालेले आहेत.

दऱ्या आणि दर्या

बालाघाटच्या डोंगररांगेत दऱ्या आहेत. दर्या म्हणजे समुद्र, आणि तो बीडपासून फार दूर आहे. हा भेद सर्वस्वी ‘र’च्या रूपावर अवलंबून असतो. ‘दऱ्या’तील अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकित होतो: स्वतंत्र संकेतांक असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परंतु मजकुराची नक्कल करताना एखाद्या प्रणालीने ते अदृश्य चिन्ह गाळले, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि वाचकाला चूक लेखकाची वाटते. युनिकोडची शिफारस पहिल्या प्रकाराची आहे. पाठ्यसाहित्यासाठी तोच श्रेयस्कर.

सीएसएसमधील इतर अडचणी

इंग्रजीसाठी आखलेले नियम देवनागरीला अनेकदा मानवत नाहीत. अक्षरांतील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. ओळीची उंची कमी ठेवली, तर वरच्या वेलांट्या व खालचे उकार कापले जाण्याचा संभव असतो. टंकाची ठळक आवृत्ती पुरवली नसेल, तर ब्राउझर अक्षरे कृत्रिमरीत्या जाड करतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांसारख्या जोडाक्षरांतील पोकळ्या बुजतात.