अर्धशिशीत शब्दांचा अर्थ का निसटतो?

ऑरा म्हणजे : अर्धशिशीच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना मेंदूची तात्पुरती लक्षणे जाणवतात, बहुधा डोके दुखण्याआधी. बहुतेकांना चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, काहींच्या हाता-चेहऱ्याला मुंग्या येतात, तर काहींची भाषा अडखळते.

मेंदूत काय घडते : चेतापेशींच्या उत्तेजनेची लाट मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकते आणि मागे त्या पेशी काही काळ मंदावतात. ब्राझीलचे संशोधक आरिस्तिदेस लेआंव यांनी १९४४मध्ये सशांच्या मेंदूत ही लाट नोंदवली.

शब्दांवर परिणाम : भाषेची केंद्रे बहुतेकांत डाव्या गोलार्धात असतात. ही लाट तिथे पोहोचून काम मंदावले की ओळखीच्या वस्तूचे नाव सुचत नाही, भलताच शब्द तोंडी येतो, वाचलेले वाक्य उमगत नाही. हे सहसा ५ ते ६० मिनिटांत ओसरते.

सालवड-बोईसरकरांनो : तारापूर औद्योगिक वसाहतीत अनेकजण पाळ्यांमध्ये काम करतात. बदलती झोप, चुकलेले जेवण आणि कमी पाणी यांनी अर्धशिशी उफाळू शकते. ऑरा सुरू होताच यंत्र थांबवा, दुचाकी बाजूला घ्या, सोबत्याला सांगा.

हे लक्षात ठेवा : ऑरा हळूहळू पसरतो, पक्षाघात बहुधा अचानक येतो. पहिल्यांदाच बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळे पडले, तर अर्धशिशी समजून थांबू नका. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.