काट्याखालची वजाबाकी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्याची मजुरी टनावर. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची तीही टनावरच. अख्खा हंगाम असा कारखान्याच्या वजनकाट्यावर येऊन ठेपतो, आणि त्या काट्याच्या पोटात काय चालतं ते कळलं की मती गुंग होते.

भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की खालचे पोलादी ठोकळे, म्हणजे लोडसेल, दबतात. किती? पूर्ण भाराला हजारात एखाद-दुसरा भाग. ठोकळ्यांवर चिकटवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या त्यांच्याबरोबर ताणल्या-आवळल्या जातात आणि त्यांचा रोध किंचित बदलतो. चार पट्ट्यांच्या चौकोनाला १० व्होल्ट दिले, की बाहेर येणाऱ्या दोन्ही तारांवर साधारण ५-५ व्होल्ट दिसतात. वजन लपलेलं असतं या दोन पाचांमधल्या फरकात. समजा, ३० टनी सहा सेल आहेत. १८० टनांना हा फरक साधारण २० मिलिव्होल्ट. म्हणजे १० किलोला, एका मोळीहूनही कमी उसाला, जेमतेम एक मायक्रोव्होल्ट. व्होल्टचा दहा लाखावा भाग! त्यात शेजारी घुमणाऱ्या कारखान्याच्या मोटारींचा गुंजारवही तारांवर चढतो.

इथे ऑप-ॲम्प (ऑपरेशनल ॲम्प्लिफायर) कामाला येतो. दोन तोंडांवरच्या व्होल्टेजांची तो वजाबाकी करतो आणि फरक फुगवतो. १९६८ मध्ये आलेली ७४१ ही चिप सुमारे दोन लाख पट फुगवते, पण ही पट भरवशाची नाही, चिपगणिक बदलते. यावरचा तोडगा त्याआधीच, १९२७ मध्ये, हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला फेरीबोटीतून कामावर जाताना सुचला होता: बाहेर आलेल्याचा ठरावीक हिस्सा उलटा करून आत पाठवा. बहुतेक ताकद उधळून द्यायची. उरते ती पट फक्त हा हिस्सा ठरवणाऱ्या रोधांच्या गुणोत्तरावर ठरते. या विद्येतली इतकी उधळी आणि इतकी सुंदर कल्पना मला दुसरी माहीत नाही.

काट्यासाठी असे तीन ऑप-ॲम्प जोडतात. दोघे एकेका तारेवरून जवळपास काहीच प्रवाह न घेता व्होल्टेज टिपतात, तिसरा वजाबाकी करतो. दोन्ही तारांवर सारखंच आलेलं सगळं, ते ५ व्होल्ट आणि मोटारींचा गुंजारवही, कापलं जातं. हिंदकळणाऱ्या ट्रॉलीची थरथर पुढचा फिल्टर शमवतो.

बिचारी ७४१ मात्र इथे निरुपयोगी. तिची स्वतःची चूकच मिलिव्होल्टच्या घरात, आणि एक मिलिव्होल्ट म्हणजे आपल्या हिशोबात ९ टन ऊस! शून्याचं बटण दाबून ती काढावी, तर ऊन चढलं की पुन्हा सरकते. म्हणून इथे चॉपर जातीचे ऑप-ॲम्प लागतात. ते स्वतःची चूक सतत मोजतात आणि उत्तरातून वजा करत राहतात. आता हे सारं बहुधा एकाच चिपमध्ये मावतं.

एका मायक्रोव्होल्टला किती किलो म्हणायचं, हे मात्र कुठलाच ऑप-ॲम्प ठरवत नाही. तो आकडा काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून माणूस भरतो आणि वैधमापन खातं त्यावर सील लावतं. काटामारीची शंका घ्यायची तर ती तिथे घ्यावी.