सिकलसेलची गोळी आणि पुराव्याची वाट

‘हे तं कॅन्सरचं औषध हाये, लेकराले कायले द्याचं?’ नागपुरातल्या मेयो रुग्णालयात असो की विदर्भातल्या गावखेड्यात, हायड्रॉक्सीयुरियाचे नाव निघाले की सिकलसेल या रक्ताच्या आजाराने ग्रस्त मुलांच्या आईबापांना ही धास्ती वाटते. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हे औषध वापरतात, हे खरे. सिकलसेलमध्ये मात्र ते बेताच्या मात्रेत देतात. त्याने गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते. पांढऱ्या पेशी घटण्याची शक्यता असते, म्हणून रक्त वेळोवेळी तपासावे लागते.

चार रुग्णांना गुण आला की सरकारने औषध सुरू करावे, हा समज त्याहून चिवट. सिकलसेलचे दुखणे आपोआपही ओसरते, त्यामुळे गुण कशाने आला हे तुलनेशिवाय कळत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 299 प्रौढांवर अशी तुलना झाली; निष्कर्ष 1995 मध्ये आले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांना वर्षाला 4.5, तर औषध घेणाऱ्यांना 2.5 वेदनेचे झटके, असा मध्यक निघाला.

मग तेच नागपुरात तसेच लागू करायचे? भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे बराच काळ मानले जाई. विदर्भातल्या अनेक मुलांना मात्र वारंवार भरती करावे लागत होते. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी नागपुरात अशा 60 मुलांवर 18 महिने चाचणी घेतली. परदेशात मात्रा सहन होईल तिथवर वाढवत नेतात आणि त्यासाठी वरचेवर तपासण्या लागतात. इथे वजनाच्या दर किलोला रोज 10 मिलिग्रॅम, एवढीच ठरलेली मात्रा दिली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या मुलांचे झटके वर्षाला सरासरी 12 वरून 1 पेक्षाही कमी झाले. अभ्यास लहान, पण विचारलेला प्रश्न नेमका आपल्या सरकारी दवाखान्यांचा होता, आणि म्हणूनच तो मोलाचा.

2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या औषधाचा समावेश आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या सिकलसेल तपासणीचे लक्ष्य ठेवले. पण तपासणी झाली म्हणजे उपचार झाला, असे नाही. गोळी रोजची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा साठा आणि रक्ततपासणीची सोय नसेल, तर विदर्भातल्या भामरागडच्या मुलाला त्यासाठी दूरच्या शहराच्या खेपा घालाव्या लागतात. खेप चुकली की गोळीही चुकते.