समान वाटणीचा खेळ

विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्य भागात, मिशिगन सरोवराचा जो एक निमुळता फाटा जमिनीत शिरला आहे त्याच्या टोकाशी, फॉक्स नदीच्या मुखावर, ग्रीन बे नावाचे जेमतेम लाखभर वस्तीचे शहर आहे. आणि अमेरिकी फुटबॉलच्या ज्या व्यावसायिक लीगमध्ये न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस यांसारख्या धनाढ्य महानगरांचे संघ उतरतात, त्याच एनएफएलच्या पंक्तीत या लहानशा शहराचा संघ १९२१ पासून मानाने बसत आलेला आहे. १९१९ साली मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीने कर्ली लॅम्बो नावाच्या आपल्या एका तरुण कारकुनाला गणवेशासाठी पैसे दिले, त्यावरून संघाला ‘पॅकर्स’ हे नाव पडले; कंपनी लवकरच लयाला गेली, नाव मात्र राहिले आणि त्या नावावर आजवर तेरा अजिंक्यपदे जमा झाली. अशा लहान गावांचे इतर सारे संघ १९२० आणि १९३० च्या दशकांत एकेक करून बुडाले किंवा मोठ्या शहरांत निघून गेले, मग हा एकच कसा तगला, याचे उत्तर खेळाडूंच्या शौर्यापेक्षा जमाखर्चाच्या वह्यांत आणि कायद्याच्या कलमांत अधिक सापडते, असे माझे मत आहे.

१९२३ मध्ये संघ कर्जात बुडत असता गावातील वृत्तपत्राचा चालक, एक डॉक्टर, एक वकील आणि एक किराणा व्यापारी अशा मंडळींनी लॅम्बोच्या पाठीशी उभे राहून पाच-पाच डॉलरचे भाग गावकऱ्यांना विकले. तीच वहिवाट पुढे अडचणीच्या आणि बांधकामाच्या प्रसंगी पुन्हा पुन्हा उपयोगी पडली; २०२१ च्या विक्रीत एका भागाची किंमत ३०० डॉलर होती, आणि आज या संघाचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. हे भागपत्र निरखून पाहण्यासारखे आहे. त्यावर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाही, त्याचे मोल वाढत नाही, आणि सामन्याच्या तिकिटावरही त्यामुळे हक्क पोचत नाही. मिळते ते वार्षिक सभेला बसण्याचे आसन आणि संचालक निवडण्याचे मत. कोणा एका धनिकाने संघ गिळंकृत करू नये म्हणून एका व्यक्तीकडे किती भाग असावेत यावरही मर्यादा घातलेली आहे. लीगच्या आजच्या नियमांनुसार प्रत्येक संघाचे भागीदार मोजकेच असू शकतात आणि त्यांत एक प्रमुख मालक असावाच लागतो. ग्रीन बेची व्यवस्था त्या नियमांहून जुनी, म्हणून केवळ अपवाद म्हणून ती चालू आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इतके सांगणे अवश्य आहे की, शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात, चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, आणि प्रत्येक प्रयत्न काही क्षणांत संपून पुन्हा रचना केली जाते. घड्याळात साठ मिनिटे असतात, प्रक्षेपण तीन तासांचे होते, आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे अकरा मिनिटे. विरामांनी भरलेला असा खेळ जाहिरातदारांना जितका सोयीचा तितका दुसरा क्वचितच; त्यामुळे दूरचित्रवाणीचा प्रसार होताच या खेळाच्या अर्थकारणाचा केंद्रबिंदू तिकिटाच्या खिडकीवरून प्रक्षेपणाच्या करारावर गेला.

१९६० मध्ये तेहतीस वर्षांचे पीट रोझेल लीगचे आयुक्त झाले, तेव्हा प्रत्येक संघ आपापले प्रक्षेपण-हक्क स्वतंत्रपणे विकत असे, आणि न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाला त्यातून जे मिळे त्याच्या पासंगालाही ग्रीन बेची कमाई पुरत नसे. रोझेल यांनी मांडलेली तजवीज अशी की, सर्व हक्क एकत्र विकावेत आणि येईल ती रक्कम सर्व संघांत समसमान वाटावी. आणि या तजविजीत ज्यांचे सर्वांत अधिक नुकसान होते त्या जायंट्सच्या मारा बंधूंनीच तिला संमती दिली, ही गोष्ट या खेळाच्या इतिहासात मला सर्वांत थोर वाटते. जुलै १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने असा सामुदायिक सौदा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो असा निवाडा दिला. तेव्हा लीगने अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, दार ठोठावले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या स्वाक्षरीने क्रीडा-प्रक्षेपणाचा कायदा अस्तित्वात आला. त्यातील एका कलमाने हंगामाच्या दिवसांत शुक्रवारची रात्र शाळांसाठी आणि शनिवार महाविद्यालयांसाठी राखून ठेवला. त्या दिवसांत व्यावसायिकांचा सामना शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सहसा का होत नाही, याचे मर्म बऱ्याच अंशी या कलमात आहे. पुढल्याच वर्षी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर देऊ केले आणि ते चौदा संघांत सारखे वाटले गेले. आज बत्तीस संघांपैकी प्रत्येकाला या सामाईक तिजोरीतून वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळते. आणि ही रक्कम जगाला ठाऊक होते तीही ग्रीन बेच्या कृपेने, कारण खासगी मालकांच्या वह्या बंद असतात आणि भागधारकांच्या संघाला मात्र आपला ताळेबंद दर वर्षी उघड करावा लागतो. मोठ्या एकत्र कुटुंबात कमावत्या भावाने आपली मिळकत सर्वांच्या पेटीत टाकावी, तसा हा समान वाटणीचा व्यवहार आहे.

मालकांमधील ही समता खेळाडूंच्या वाट्याला मात्र फार उशिरा आली. १९३६ पासून लीगने महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड क्रमवारीने करण्याची पद्धत, म्हणजे ड्राफ्ट, सुरू केली. तळाच्या संघाला पहिली निवड, ही फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांची कल्पना, आणि दुर्बलाला बळ देणारी म्हणून ती न्याय्यही होती. परंतु तिच्यामुळे तरुण खेळाडूला आपल्या गुणांचा भाव करण्याची मुभा उरली नाही, आणि करार संपल्यावरही दुसऱ्या संघात जाणे जवळजवळ अशक्य करून ठेवलेले होते. फुटबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येतो, बेसबॉलसारखी त्याला सूट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले होते. तरी त्या निवाड्याचे फळ पदरात पडायला आणखी साडेतीन दशके आणि दोन मोठे संप लागले. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून सामने चालू ठेवले आणि संप मोडला. मग खेळाडू न्यायालयात गेले, १९९२ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि १९९३ च्या तहाने त्यांना मुक्त संचाराचा अधिकार मिळाला. ज्याच्या नावाने चाललेल्या दाव्यात हा तह झाला त्या रेगी व्हाइटने फिलाडेल्फिया सोडून, चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर, जावे कोठे, तर ग्रीन बेला! समान वाटणीचा कायदा नसता तर त्या गावाला ही रक्कम उच्चारताही आली नसती.

त्या तहाची दुसरी बाजू म्हणजे वेतनाची कमाल मर्यादा. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली. ती लीगच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाढते, आणि त्या उत्पन्नातील खेळाडूंचा हिस्सा २०२० च्या करारानुसार ४८ टक्क्यांच्या खाली जात नाही. मर्यादेचा हिशेब कसा बसवतात हे जवळून पाहिले म्हणजे संघाच्या दप्तरात प्रशिक्षकाइतकेच हिशेबनिसाला महत्त्व का आले हे उमगते. समजा, एखाद्या खेळाडूला पाच वर्षांच्या करारावर सही करताना ५ कोटी डॉलर रोख दिले. पैसे त्याच्या हाती आजच पडतात, परंतु मर्यादेच्या खात्यावर ते दर वर्षी १ कोटी याप्रमाणे पाच वर्षांत विभागून लिहिले जातात. दोन वर्षांनी संघाने त्याला काढून टाकले तर उरलेले ३ कोटी, तो गडी मैदानात नसतानाही, खात्यावर चढतातच. शिवाय पुढील वर्षांचे मूळ वेतन बहुतेकांना हमीचे नसते. मोठमोठ्या आकड्यांचे जे करार वृत्तपत्रांत झळकतात त्यांतील हमीची रक्कम कोणती, एवढाच प्रश्न जाणकार विचारतात. नवोदितांवर तर २०११ च्या कराराने निश्चित श्रेणीच लादली: २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती, पुढच्या वर्षी त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला सारे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले.

आता महाविद्यालयांकडे वळू. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात जो सामना झाला तो अमेरिकेतील पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो. एडिसन परिसरात आज राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना ते स्थळ हाकेच्या अंतरावर आहे. पुढे हा खेळ इतका रासवट झाला की १९०५ च्या एका हंगामात सुमारे अठरा तरुण प्राणास मुकले, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या धुरिणांना पाचारण केले. मैदान रुंद करावे म्हणजे गर्दी व चेंगराचेंगरी कमी होईल, अशी सूचना पुढे आली. परंतु हार्वर्डने १९०३ मध्येच प्रचंड खर्चाने काँक्रीटचे पक्के क्रीडागार बांधले होते आणि त्यात रुंदी वाढवायला जागा नव्हती. तेव्हा १९०६ मध्ये चेंडू हवेतून पुढे फेकण्याची परवानगी देण्यात आली. आज ज्या दीर्घ फेकीसाठी लाखो लोक श्वास रोखून बसतात, तिच्या जन्मामागे एका इमारतीत गुंतवलेला पैसाही होता.

त्याच संकटातून जी नियामक संस्था उभी राहिली तिला १९१० पासून एनसीएए म्हणतात. विद्यार्थ्याने खेळावे ते विद्येच्या जोडीने, वेतनासाठी नव्हे, हे तिचे ब्रीद; आणि त्या ब्रीदात सत्यांश नव्हता असे मी म्हणणार नाही. १९५१ पासून सुमारे तीन तपे तिची सूत्रे वॉल्टर बायर्स यांच्या हाती होती. शिष्यवृत्तीपलीकडे एक कपर्दिकही देऊ नये, हा नियम त्यांनी कमालीच्या कठोरपणे राबवला, आणि निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात तीच व्यवस्था खेळाडूंवर अन्याय करणारी असल्याची ग्वाही दिली. प्रक्षेपणाचे हक्क मात्र ही संस्थाही एकत्र विकत असे आणि कोणत्या विद्यापीठाचे किती सामने दिसावेत हेही तीच ठरवी. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी त्याविरुद्ध फिर्याद केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते नियंत्रण उधळून लावले. व्यावसायिकांना १९६१ मध्ये मिळालेले कायद्याचे कवच विद्यापीठांना नव्हते. भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित खेळाडू. १९३८ मध्ये पिट्सबर्गने त्यांना लीगमधील तोवरचे सर्वोच्च वेतन दिले होते. शिक्षणसंस्थांच्या खेळाला निव्वळ व्यापाराचे माप लावू नये, हे त्यांचे म्हणणे त्या दिवशी अल्पमतात पडले.

त्यानंतर जे घडले ते त्यांच्या भीतीला दुजोरा देणारे आहे. विद्यापीठे ज्या गटांत मिळून खेळतात त्यांना परिषदा म्हणतात; प्रत्येक विद्यापीठ अधिक धनवान परिषदेच्या शोधात निघाले. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी पॅसिफिक किनाऱ्याची परिषद विस्कटली आणि २०२४ मध्ये तिच्यात दोनच संस्था उरल्या. प्रशांत महासागराच्या काठावरील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे आज अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत खेळतात, आणि केवळ फुटबॉलपटूच नव्हेत, तर ज्यांच्या खेळाला प्रेक्षकही तुरळक असतात अशा इतर विद्यार्थ्यांनाही त्यापायी महाखंड ओलांडून जावे लागते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या प्रशिक्षकाला पदावरून दूर केले तेव्हा उरलेल्या कराराची त्याला देय असलेली रक्कम ७.५ कोटी डॉलरच्या घरात होती. ज्या मुलांच्या बळावर हा पैसा उभा राहिला त्यांना २०२१ च्या जूनपर्यंत आपल्या नावाची जाहिरातही करता येत नव्हती.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरील मर्यादांबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात, एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला, १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव व छबी विकण्याची मोकळीक मिळाली, आणि जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या दुसऱ्या दाव्यांत कनिष्ठ न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने सुमारे २.८ अब्ज डॉलरची थकबाकी मान्य होऊन, विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसा देण्याचा मार्ग खुला झाला. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक संस्थेमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हा न्याय उशिरा का होईना झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यासोबत आलेली अव्यवस्थाही डोळ्यांआड करता येत नाही: खेळाडू दर वर्षी विद्यापीठ बदलू लागले, अभ्यासक्रम अर्धवट राहू लागले, आणि फुटबॉलच्या उत्पन्नावर जे पोहण्याचे, कुस्तीचे, धावण्याचे संघ पोसले जात होते त्यांच्या अनुदानावर गंडांतर आले.

व्यावसायिक लीगमध्येही ड्राफ्ट आहे, वेतनमर्यादा आहे, नवोदितांवरील जाचक श्रेणी आहे. तरी न्यायालय त्यांना सहसा हात लावीत नाही, कारण त्या प्रत्येक नियमाखाली मालकांबरोबर खेळाडूंच्या संघटनेची सही असते. विद्यापीठांच्या नव्या मर्यादेखाली वादी-प्रतिवादींच्या वकिलांच्या सह्या आहेत, खेळाडूंच्या संघटनेची नाही, कारण अशी मान्यताप्राप्त संघटनाच अस्तित्वात नाही. म्हणून विद्यापीठांनी काँग्रेसपुढे मक्तेदारीविरोधी कायद्यातून सवलतीची याचना करण्याआधी आपल्या खेळाडूंसमोर बसून करार करावा. तो होईपर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचा कोणताही नियम पुढच्या फिर्यादीपलीकडे टिकणार नाही.