आळंबीचे संपलेले बेड उकिरड्यावर नकोत



वसई म्हटले की केळी आणि फुले आठवतात. एके काळी तिथल्या बागायतीत ऊसही असे. आता वसई-विरारला इमारती वाढल्या, जमीन आखडली. विरारजवळ राहणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी म्हणून घरामागच्या शेडमध्ये भाताच्या पेंढ्यावर धिंगरी आळंबी सुरू केली. बटण आळंबीला १६ ते १८ अंशांची थंडी लागते. धिंगरीला तेवढी नको.

पेंढा भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत थराथराने बियाणे घालून बेड भरायचा. दीड-दोन महिन्यांत दोन-तीन काढण्या होतात आणि बेड थकतो. मग तो जातो कुठे? बहुधा पिशवीसकट उकिरड्यावर!

मेहुण्यांनी पहिले बेड शेडच्या भिंतीलाच रचले. पुढच्या भरणीत चिलटे झाली, हिरवी बुरशी आली, निम्मे बेड फेकावे लागले. "दाजी, घरचाच कचरा घरावर उलटला," म्हणाले. आता शेवटची काढणी झाली की त्याच दिवशी बेड लांब नेतात, पिशवी कापून प्लॅस्टिक वेगळे करतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण प्लॅस्टिक एकदा मातीत गेले की वेचता वेचत नाही.

उरलेला पेंढा मात्र सोन्यासारखा. आळंबीच्या बुरशीने त्यातले कठीण लिग्निन आधीच फोडलेले असते, म्हणजे अर्धे कुजण्याचे काम फुकटात झाले. शेणकाल्याबरोबर खड्ड्यात थर द्यावेत, ओल राखावी, अधूनमधून उलथावे. उष्णता निवल्यावर गांडुळे सोडली तरी चालते. जनावरांना घालायचा तर पांढरा, स्वच्छ वासाचाच, तोही थोडा, नेहमीच्या वैरणीत मिसळून आणि डॉक्टरांना विचारून. हिरवी-काळी बुरशी दिसली तर मुळीच नको. बटण आळंबीच्या कंपोस्टची गोष्ट वेगळी. त्यात क्षार जास्त, म्हणून ते पावसात मुरवून मगच शेतात घालावे.

आता आपले बघा. धिंगरी उसाच्या पाचटावरही येते आणि आपण तेच पाचट तोड झाली की पेटवतो! सगळे पाचट काही शेडमध्ये मावणार नाही, ते सरीतच कुजवावे. पण चार भारे कोरडे, न भिजलेले बाजूला ठेवून दहा बेड भरायला काय हरकत आहे? पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आळंबी संशोधनाचे केंद्र आहे. सुरुवातीला तिथे चौकशी करावी. आणि खतासाठीचा खड्डा शेडपासून लांब, वाऱ्याच्या उलट अंगाला, आधीच खणून ठेवावा.