सहा कोअर की चौदा कोअर?

हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "पीसी घ्यायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ?" यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. पहिली म्हणते, सरळ नवा डेस्कटॉप प्रोसेसर घे, सहा कोअर भरपूर झाले. दुसरी म्हणते, वेडी आहेस का? लॅमिंग्टन रोडला जुना सर्व्हरचा झिऑन मिळतो, चौदा कोअर, आणि तोही स्वस्तात! मग रात्री दोनपर्यंत वाद. सकाळी लेक्चरला कोणीच नाही.

आमच्या चौघींच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही यंदा हाच वाद झाला. पैसे चार घरांतून आले होते, त्यातल्या एकीच्या वडिलांनी तर पतपेढीतून उचलून पाठवले होते. त्यामुळे "घेऊन बघू, नाही जमलं तर विकू" असं म्हणायची सोय नव्हती. म्हणून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्या कागदावर जे उतरलं ते इथे देते आहे, कारण पुढच्या वर्षी हाच वाद पुन्हा होणार याची मला खात्री आहे.

दोघांत फरक काय?

उदाहरणं समोर ठेवू. डेस्कटॉपकडून एएमडीचा रायझेन ५ ५६००जी (२०२१). यात ६ कोअर, १२ थ्रेड, मूळ वेग ३.९ गिगाहर्ट्झ आणि जास्तीत जास्त ४.४. सर्व्हरकडून इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ (२०१६). यात १४ कोअर, २८ थ्रेड, पण मूळ वेग २.४ आणि जास्तीत जास्त ३.३. म्हणजे एकाकडे माणसं कमी पण चपळ, दुसऱ्याकडे माणसं जास्त पण सावकाश. शिवाय मध्ये पाच वर्षं गेलेली, त्यामुळे घड्याळाच्या एका ठोक्यात नवा कोअर जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. नुसते गिगाहर्ट्झ बघून हा फरक कळत नाही.

मग सर्व्हरवाले असा सावकाश प्रोसेसर बनवतात कशाला? कारण सर्व्हरसमोर कोणी एकटा बसलेला नसतो. तिकडे एकाच वेळी हजारो लोक काही ना काही मागत असतात. प्रत्येकाचं काम छोटं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. अशा वेळी हात किती आहेत हे महत्त्वाचं ठरतं.

यासाठी लांब जायला नको. आपल्या पनवेलमध्येच हिरानंदानी समूहाचं योट्टा एनएम१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं. तेव्हा जाहीर झालेली क्षमता ७,२०० रॅक आणि ५० मेगावॅट वीज. रॅक म्हणजे सर्व्हर ठेवायचं उभं कपाट. भागाकार केला तर एका कपाटाच्या वाट्याला साधारण ७ किलोवॅट येतात. आपल्या हॉस्टेलच्या एका खोलीत एवढी वीज लागली तर रेक्टर सर काय म्हणतील याची कल्पना करा!

अशा ठिकाणी चालणाऱ्या जातीतला एक प्रोसेसर म्हणजे एएमडीचा एपिक ९६५४ (२०२२). कोअर ९६, रॅमचे मार्ग १२ आणि खप ३६० वॅट. बाजारात आला तेव्हा कंपनीची किंमत ११,८०५ डॉलर होती. तो वर्षभर पूर्ण ताकदीने चालवला तर एकटा ३,१५० युनिटच्या वर वीज खाईल. एवढं करूनही त्याच्या एका कोअरचा जास्तीत जास्त वेग ३.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे या बाबतीत आपला ५६००जी आकड्याने त्याच्याही पुढे!

मेसमधला नियम

"जास्त कोअर म्हणजे जास्त वेग" हे अर्धसत्य आहे. जीन अॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये यामागचा नियम मांडला. आपल्या सिलॅबसमध्ये तो आहे, पण पेपरात लिहून आपण तिथेच सोडून देतो.

मेसच्या पोळ्या घ्या. कणीक मळायला एक तास आणि पोळ्या करायला नऊ तास, असं एका मावशींचं दहा तासांचं काम आहे. कणीक मळताना दुसऱ्या कोणाचा हात परातीत घालता येत नाही, पण लाटणं-भाजणं वाटून घेता येतं. सहा मावश्या बसल्या तर एकूण अडीच तास. चौदा बसल्या तर सुमारे १ तास ३९ मिनिटं. आणि ९६ मावश्या बसवल्या तरी १ तास ६ मिनिटं लागणारच, कारण कणकेचा एक तास कोणी कमी करू शकत नाही.

आता समजा मळायलाच पाच तास लागतात आणि उरलेलं पाच तासांचं काम तेवढं वाटता येतं. मग सहा जणींना ५ तास ५० मिनिटं, चौदा जणींना सुमारे ५ तास २१ मिनिटं. दुपटीहून जास्त माणसं लावून वाचला जेमतेम अर्धा तास! त्यापेक्षा झटपट मळणारी एकच मावशी मिळाली असती तर बरं.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधून, त्यामुळे 'समांतर' हा शब्द मला आईला विचारावा लागला. पण या विषयात सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच. तुमचं काम किती समांतर चालू शकतं? ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग करणं बहुतेक वेळा एकाच कोअरवर चालतं. मोठा सी++ प्रोग्रॅम कंपाइल करणं किंवा ब्लेंडरमध्ये रेंडर करणं छान वाटलं जातं. सिम्युलेशनची पॅकेजेस वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं: तुमच्या लायसन्समध्ये किती कोअर चालवायची परवानगी आहे? परवानगी चारचीच असेल तर उरलेले दहा कोअर शोभेला.

चिप स्वस्त, संसार महाग

लॅमिंग्टन रोडचा रस्ता हॉस्टेलवाल्यांना पाठ आहे. पनवेलहून हार्बर, कुर्ल्याला उतरा, दादरला पुन्हा बदला आणि ग्रँट रोड. तिथे जुने झिऑन इतके स्वस्त का मिळतात? ई५-२६८० व्ही४ ची २०१६ मधली किंमत १,७४५ डॉलर होती. पण डेटा सेंटरवाल्यांना वीज आणि जागा दोन्ही मोजून वापरावी लागते. तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त काम करणारे नवे सर्व्हर आले की ते जुने काढून टाकतात आणि ही चिप ढिगाने बाजारात येते. चिप सहसा खराब नसते. तिचा मालक तिला पोसू शकत नाही, एवढंच.

ती आपण पोसू शकतो का? यादी करू.

मदरबोर्ड: साध्या डेस्कटॉपचा चालत नाही. या चिपचे जुने बोर्ड किंवा जुने भाग काढून बनवलेले नवे बोर्ड मिळतात. वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दावर.

ग्राफिक्स: या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घेतलं नाही तर स्क्रीनवर काही दिसणारच नाही. ५६००जी मध्ये ते आतच आहे.

वीज: १२० वॅट विरुद्ध ६५ वॅट. हा आकडा मुळात किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा असतो, पण अंदाजाला चालतो. रोज दहा तास पूर्ण काम धरलं तर महिन्याला साधारण साडेसोळा युनिटचा फरक, ग्राफिक्स कार्ड वेगळं. आणि ही सगळी उष्णता मे महिन्यात आपल्याच खोलीत राहायला येणार.

विंडोज: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ई५ व्ही४ नाही. लिनक्सवाल्यांना हा प्रश्न नाही.

जुन्या झिऑनची बाजूही सांगते, नाहीतर दुसरी पार्टी मला मेसमध्ये बसू देणार नाही. त्याला रॅमचे चार मार्ग आहेत. डीडीआर४-२४०० चारही मार्गांवर लावली तर सेकंदाला ७६.८ गिगाबाइट; ५६००जी ला डीडीआर४-३२०० दोन मार्गांवर लावली तर ५१.२. ज्यांना लिनक्सवर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन एकदम चालवून नेटवर्किंग शिकायचं आहे, त्यांच्यासाठी ही चिप खरंच सोन्यासारखी आहे. फक्त सर्व्हरची 'रजिस्टर्ड' रॅम उद्या साध्या डेस्कटॉपमध्ये बसणार नाही, हे लक्षात ठेवा.

आमचा हिशेब

आमचं प्रोजेक्ट कळंबोली सर्कलच्या ट्रॅफिकचं आहे. पुणे, मुंब्रा, जेएनपीटी आणि सायन, चारही बाजूंची वाहनं तिथे एकत्र येतात. तिथे काय होतं हे सोमवारी सकाळी घरून परतणाऱ्यांना सांगायला नको. आम्ही 'सुमो' हे सॉफ्टवेअर वापरतो. २००१ पासून सगळ्यांना खुलं असलेलं, जर्मनीच्या डीएलआर संस्थेचं. त्याची गंमत अशी की एक सिम्युलेशन मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. पण सिग्नलच्या वेळा बदलून अशी दोनशे सिम्युलेशन करायची असतील, तर ती एकमेकांवर अवलंबून नसतात. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही प्रकारची कामं!

समजा, एक रन चपळ कोअरवर १० मिनिटांची आणि सावकाश कोअरवर १६ मिनिटांची आहे. शेवटच्या २१० रन सहा कोअरवर ३५ खेपांत होतील: ३५० मिनिटं. चौदा कोअरवर १५ खेपा: २४० मिनिटं. चौदावाले जिंकले, जवळजवळ दोन तासांनी. पण हे काम शेवटी, दोन-तीनदाच करायचं. रोजचं काम वेगळं असतं: काहीतरी बदला, एक रन करा, चूक शोधा, पुन्हा रन करा. दिवसाला अशा वीस रन झाल्या तर दर रनमागे सहा मिनिटं, म्हणजे रोज दोन तास आम्ही स्क्रीनकडे बघत बसणार. दोन-तीन रात्रींचे दोन तास वाचवायला रोजचे दोन तास घालवायचे?

निर्णय झाला: सहा कोअर. रॅमच्या दोन स्टिक घेतल्या, म्हणजे दोन्ही मार्ग वापरले जातात. (एकच मोठी स्टिक लावू नका, अर्धा रस्ता बंद राहतो.)

आणि त्या २१० रन? त्यासाठी आम्ही लॅबच्या सरांकडे गेलो. लॅबमध्ये २० पीसी आहेत, प्रत्येकी ४ कोअर, आणि संध्याकाळनंतर ते सगळे बंद असतात. म्हणजे ८० कोअर! २१० रन तीन खेपांत होतील. सरांनी अर्ज लिहायला लावला, एसी लावायचा नाही अशी अट घातली आणि परवानगी दिली. जो सर्व्हर आम्ही विकत घ्यायला निघालो होतो, तो वीस टेबलांवर वाटून ठेवलेला होता.

ही युक्ती आमची नाही बरं का. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला तो ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिप्स जोडूनच. टाटांच्या सीआरएल कंपनीचा पुण्यातला 'एका' हा सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. त्यात १४,२४० कोअर होते, आणि एका चिपवर फक्त चार कोअर असलेले झिऑन वापरले होते.

मग सर्व्हर कोणी घ्यावा?

हा भाग स्टाफसाठी. निकाल, फी, हजेरी जिथे साठवायची तिथे मात्र डेस्कटॉप नको. कारण वेग नाही, विश्वास. रॅममधला एखादा बिट क्वचित आपोआप उलटतो. ४० गुण म्हणजे बायनरीत १०१०००. यातला मधला १ जाऊन ० झाला तर १०००००, म्हणजे ३२. पास झालेला मुलगा नापास, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक बिट चुकला तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान बोंब तरी होते. साध्या डेस्कटॉपवर सहसा ही सोय नसते. शिवाय दोन पॉवर सप्लाय आणि चालू मशीनमध्ये डिस्क बदलायची सोय. सर्व्हरचे खरे पैसे या गोष्टींचे असतात.

तेव्हा ग्रँट रोडची गाडी पकडण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. मशीनसमोर मी एकटी बसणार की पन्नास जण? माझं काम वाटता येतं का? ते रोजचं आहे की वर्षातून दोनदा? आणि ते दोनदाचं काम कोणाच्या बंद मशीनवर, परवानगी घेऊन, करता येईल का? पहिल्या तिन्हींची उत्तरं सर्व्हरकडे बोट दाखवत असतील आणि चौथ्याचं 'नाही' असेल, तर खुशाल सर्व्हर घ्या. नाहीतर सहा कोअर घ्या आणि उरलेल्या पैशांतून एक चांगली खुर्ची. प्रोजेक्ट संपेपर्यंत जास्त काम तिलाच पडतं.